घरी भारी वाजतं, बँडमध्ये हरवतं... ट्यूब ॲम्प घेऊ का?

प्रश्न: दादा, मी नाशिकची, वय २६. सातपूरला नोकरी करते आणि शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवते, तिथे गिटार इफेक्ट्सच्या प्रोसेसरमधून सरळ मिक्सरला लाईन देते. वर्षभरापासून आम्ही चौघांनी स्वतःच्या मराठी गाण्यांचा बँड सुरू केलाय, ब्लूज-रॉक टाइप. अडचण अशी की घरी बसवलेला टोन एकदम भारी वाटतो, पण बँडसोबत वाजवला की गायब होतो, नुसता घोंघाट उरतो. आमचा बासिस्ट म्हणतो ट्यूबशिवाय, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या व्हॉल्व्हशिवाय, खरा टोन येतच नाही, ट्रान्झिस्टरवाला सॉलिड-स्टेट म्हणजे खेळणं. न्यू जर्सीचा मामेभाऊ दिवाळीत येतोय, तो त्याचा फेंडर डिलक्स रिव्हर्ब हा २२ वॉटचा ट्यूब ॲम्प मला ८५ हजारांत द्यायला तयार आहे आणि माझी सेव्हिंग तेवढीच आहे. आम्ही प्रॅक्टिस ड्रमरच्या काकांच्या दिंडोरीजवळच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये करतो, जानेवारी ते एप्रिल सीझनमुळे ती जागा मिळत नाही, मग प्रत्येकजण घरी. मी फ्लॅटमध्ये राहते. घेऊ का? आणि २२ वॉट स्टेजवर पुरतील का? खरं सांगू, प्रोसेसर घेऊन गेले की मी अजून खरी गिटारिस्ट नाहीच असं वाटायला लागलंय.

उत्तर:

आधी ते "घरी भारी, बँडमध्ये गायब" घेऊ, कारण त्याचा ट्यूबशी जवळजवळ काही संबंध नाहीये, आणि ते न सोडवता तू ८५ हजार घातलेस तर तो ॲम्पही बँडमध्ये असाच हरवेल.

घरी तू हळू आवाजात वाजवतेस, बहुतेक हेडफोनवर किंवा छोट्या स्पीकरवर. आवाज कमी असला की आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो आणि अगदी वरचे बारीक सूर पण कमी ऐकू येतात, हे बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. मग आपण नकळत काय करतो, तर बास वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मिड खाली ओढतो, वर गेन (आवाज फाडायचं प्रमाण) आणि रिव्हर्ब (घुमारा) भरपूर. एकट्याने ऐकायला ते खूप मोठं आणि गोड वाटतं. तोच पॅच, म्हणजे प्रोसेसरमध्ये साठवलेला टोन, पॅकहाऊसमध्ये मोठ्याने लावला की खालचा भाग जाऊन बास गिटार आणि किक ड्रमवर आदळतो, वरचा भाग झांजांमध्ये मिसळतो, आणि गिटारची जी हक्काची जागा असते, मधली, ती तूच रिकामी केलेली असते. घोंघाट उरतो तो असा.

पुढच्या प्रॅक्टिसला हे करून बघ. बँड वाजत असताना, पूर्ण आवाजात, नवा पॅच बनव. बास बराच खाली, मिड वर, गेन घरी असतो त्याच्या निम्मा, रिव्हर्ब अगदी थोडा. एकटीने वाजवलास तर तो नाकातून बोलल्यासारखा आणि कोरडा वाटेल, आणि तुला मोह होईल परत बदलायचा, तर बदलू नकोस, ड्रम आणि बाससोबत ऐक. आणि एक गोष्ट नक्की तपास: प्रोसेसरमधलं कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे ॲम्पच्या स्पीकर-पेटीच्या आवाजाची नक्कल. मिक्सरला किंवा पीएला (हॉलच्या साऊंड सिस्टिमला) लाईन देतेस तेव्हा ते चालू हवं, नाहीतर डिस्टॉर्शन मधमाश्यांच्या पोळ्यासारखं गुणगुणतं. कोणाच्या गिटार ॲम्पच्या इनपुटला लावतेस तेव्हा ते बंद हवं, नाहीतर एका कॅबिनेटमधून दुसरं कॅबिनेट ऐकतोय असं होतं आणि सगळं चादरीखाली गेल्यासारखं येतं. ऑर्केस्ट्रा आणि बँडसाठी एकच पॅच वापरत असशील तर निम्मी अडचण इथेच असणार.

आता ट्यूबकडे येऊ. तुझा बासिस्ट सगळं खोटं बोलत नाहीये, हे मला आधी सांगायचंय, कारण "सगळं मनाचे खेळ आहेत" असं म्हणणारेही खूप भेटतात आणि तेही बरोबर नाहीत. ट्यूब ॲम्पला मर्यादेच्या पलीकडे ढकललं की तो एकदम तुटत नाही, हळूहळू दबतो. सिग्नलचं टोक कापलं जातं, पण गोलसर. त्यात पॉवर सप्लाय किंचित दमतो, जोरात मारलेला सूर आधी थोडा खाली बसतो आणि मग फुलून वर येतो, बोटाखाली हे कळतं. शिवाय ट्यूब ॲम्पची स्पीकरवरची पकड सैल असते, स्पीकर स्वतःच्या स्वभावाने थोडा जास्त हलतो, त्यामुळे खालचा आणि वरचा भाग जरा उठून येतो. साध्या ट्रान्झिस्टर ॲम्पची पकड घट्ट असते, मर्यादेपर्यंत तो स्वच्छ राहतो आणि मर्यादा ओलांडली की टोक सरळ कापतो, ते कानाला टोचतं.

पण या सगळ्यात "ढकललं की" हा शब्द महत्त्वाचा आहे. १९७३ मध्ये रसेल हॅम नावाच्या इंजिनिअरने यावर एक गाजलेला पेपर लिहिला, त्याने माईकचे प्रीॲम्प (बारीक सिग्नल आधी वाढवणारा भाग) तपासले होते, गिटारचे नाही, आणि त्याला ट्यूब आणि ट्रान्झिस्टरमधला ठळक फरक सापडला तो ओव्हरलोडमध्ये. नेहमीच्या मर्यादेत दोन्ही चांगले बनवलेले असतील तर फरक फार उरत नाही. लोक "ट्यूबमध्ये सम हार्मोनिक्स (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट कंपनांचे उपसूर) असतात म्हणून गोड" असंही ठोकून देतात, पण तुझ्या मामेभावाच्या ॲम्पमध्ये शेवटी दोन ६व्ही६ ट्यूबा पुश-पुल पद्धतीने, म्हणजे एक ढकलते तेव्हा दुसरी ओढते अशा, जोडलेल्या असतात आणि त्या जोडणीत सम हार्मोनिक्स बरेचसे एकमेकांना खोडतात. तेव्हा एका वाक्यात गोडवा समजावून सांगणाऱ्यापासून जरा जपून.

म्हणून माझा तुला प्रश्न असा आहे की तो ॲम्प तू ढकलणार कुठे?

डिलक्स रिव्हर्बला मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे टोन फाडून मग एकूण आवाज कमी ठेवायचा वेगळा नॉब, नाही. म्हणजे ज्या आवाजासाठी लोक तो घेतात, तो जरासा फाटलेला, हाताच्या जोरावर स्वच्छ-खरखरीत होणारा टोन, तो व्हॉल्यूमचा नॉब बराच वर नेल्याशिवाय येत नाही. आणि तेव्हा तो किती मोठा असतो ते बघ. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारणपणे १ वॉटला एक मीटरवर ९५ ते १०० डेसिबल देतो. एका वॉटला! २२ वॉटला हे ११० च्या आसपास जातं. आपल्याकडे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. ते मोजमाप बाहेरच्या आवाजाचं असतं, भिंती थोडं अडवतात हे मान्य, तरी फ्लॅटमध्ये तू तो नॉब २ च्या वर नेऊ शकणार नाहीस. आणि २ वर तो एक अतिशय सुंदर क्लीन ॲम्प असतो, बस. तू त्याच्यापुढे ओव्हरड्राइव्ह पेडल लावशील, आणि गंमत अशी की जगभरचे ट्यूबवाले ज्याच्या प्रेमात आहेत त्या ट्यूब स्क्रीमर पेडलमध्ये एकही ट्यूब नाही, एक आयसी आणि डायोड आहेत, सगळा सॉलिड-स्टेट मामला.

यातच तुझ्या २२ वॉटच्या भीतीचं उत्तर आलं. वॉट दुप्पट झाले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला "दुप्पट मोठं" वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. ट्यूबचे वॉट मोठे असतात असं म्हणतात तेही यामुळेच, कारण ट्यूब ॲम्प फाटलेल्या अवस्थेतही ऐकवतो, ट्रान्झिस्टरवाल्याला मात्र स्वच्छ राहायला वर जागा ठेवावी लागते. ड्रमरसोबत २२ वॉट ट्यूब पुरतात. सॉलिड-स्टेट घेशील तर ५० च्या आसपास बघ. मोठ्या स्टेजवर दोन्हीपुढे माईक लागणारच.

"सॉलिड-स्टेट म्हणजे खेळणं" हे मात्र मला अजिबात पटत नाही. हा समज आला कुठून ते कळतं. १९६० च्या दशकातले बरेच सुरुवातीचे ट्रान्झिस्टर ॲम्प खरंच कर्कश होते आणि बंदही पडायचे. आणि आज नवशिक्यांच्या पॅकमध्ये गिटारसोबत जो १० वॉटचा डबा येतो तोही सॉलिड-स्टेटच असतो, सहा-आठ इंची स्पीकर आणि हलकी पेटी. त्याची तुलना १२ इंची स्पीकरच्या फेंडरशी करायची आणि दोष ट्रान्झिस्टरला द्यायचा हा अन्याय आहे, तिथे अर्धा फरक स्पीकर आणि पेटीचा असतो. रोलँडचा जेसी-१२० हा १९७५ पासूनचा सॉलिड-स्टेट ॲम्प, त्याच्या क्लीन टोनसाठी आजही लोक तो शोधतात. ब्लूजचे दिग्गज बी. बी. किंग लॅब सिरीज एल५ वापरायचे, तो ट्रान्झिस्टरचा. पँटेरा या मेटल बँडच्या डाइमबॅग डॅरेलचा तो करवतीसारखा टोन रँडलच्या सॉलिड-स्टेट ॲम्पमधून यायचा. ब्लूजपासून मेटलपर्यंत ही माणसं आहेत, ह्यांना कोणी खरे गिटारिस्ट नाहीत म्हणेल का? मग तू स्वतःला का म्हणतेस? ऑर्केस्ट्रात एका रात्रीत पंचवीस-तीस गाण्यांचे वेगवेगळे टोन पायाने बदलत वाजवणं हे फार कमी लोकांना जमतं.

आता विजेचं, आणि याबद्दल तुला कोणीच सांगितलेलं दिसत नाही. मामेभावाचा ॲम्प तिकडचा आहे म्हणजे बहुतेक १२० व्होल्टचा असणार. मागच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. आपल्या २३० वर तो थेट लावला तर त्याच क्षणी जळू शकतो, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, चांगला, निदान ३०० व्हीएचा. पण स्टेप-डाउन व्होल्टेज कमी करतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही, तिकडे ६० हर्ट्झ आहे आणि आपल्याकडे ५०, त्यामुळे फक्त ६० साठी बेताचा बनवलेला आतला ट्रान्सफॉर्मर इथे जास्त तापतो. त्यात तुमचं पॅकहाऊस दिंडोरीकडे. शेतीपंप चालू झाले की तिकडे व्होल्टेज कसं बसतं हे तुझ्या ड्रमरच्या काकांना विचार. समज २३० चं १८० झालं, तर स्टेप-डाउनमधून ९४ च्या आसपास येतील, आणि ज्या ट्यूबचा फिलामेंट (आतली तापणारी तार) ६.३ व्होल्टवर तापायला हवा त्याला ५ पण मिळणार नाहीत. ट्यूब नीट तापत नाही, आवाज मरगळतो, तुला वाटेल ॲम्प बिघडला. उलट मंडळाच्या स्टेजवर जनरेटरचं व्होल्टेज वर गेलं तर सगळ्यावर ताण. म्हणजे स्टॅबिलायझरही आला. ८५ हजारांचे किती होतात बघ.

आणि जीवाचं: तिकडच्या तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची पिन मोडून किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावून कधीही वाजवू नकोस, कोणी "गुणगुण जाते" म्हणून सांगितलं तरी. हातात गिटारच्या तारा, ओठाजवळ माईक, आणि ॲम्पला अर्थ नाही, हा प्रकार माणूस मारू शकतो. ट्यूब ॲम्पच्या आत ४०० व्होल्टच्या आसपास असतात आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते साठून राहतात, म्हणून तो स्वतः उघडायचा नाही.

मग उघडणार कोण? ट्यूब घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं असतं, आधी मिस्त्री शोधा मग ॲम्प. पॉवर ट्यूबा (शेवटच्या, स्पीकर हलवणाऱ्या) झिजतात, सतत वाजवणाऱ्याला वर्ष-दोन वर्षांनी बदलाव्या लागतात, आणि डिलक्स रिव्हर्बसारख्या ॲम्पमध्ये नव्या बसवल्यावर बायस (ट्यूबमधून किती करंट वाहू द्यायचा ते) सेट करावा लागतो, ते मीटर घेऊन जाणकारानेच करायचं. प्रीॲम्पच्या छोट्या १२एएक्स७ ट्यूबा मात्र वर्षानुवर्षं टिकतात. एकेकाळी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह बनायचे, घरोघरच्या रेडिओत ते असायचे, त्यामुळे जुने रेडिओ दुरुस्त करणारा एखादा म्हातारा कारागीर तुला पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारत गेलीस तर सापडू शकेल, आणि असा माणूस सापडला तर त्याचा नंबर जपून ठेव. आता ट्यूबा मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात. २०२२ मध्ये रशियातून निर्यात अडकली तेव्हा जगभर टंचाई होऊन भाव वाढले होते. एक जादा सेट घरात हवाच.

सॉलिड-स्टेटच्या विरुद्ध एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्याची रोजची देखभाल शून्य, पण आतला बारीक पार्ट्सचा बोर्ड गेला आणि ते मॉडेल बंद झालेलं असेल तर दुरुस्ती होतेच असं नाही. चांगला ट्यूब ॲम्प मात्र तीस-चाळीस वर्षांनीही उभा करता येतो. आयुष्यभराची वस्तू म्हणून कोणी ट्यूब घेत असेल तर त्यात मला चूक दिसत नाही.

तर माझं मत. हा ॲम्प या दिवाळीत घेऊ नकोस. वर्षातले चार महिने तुझ्याकडे तो ढकलायला जागाच नाही, उरलेल्या महिन्यांत जागा आहे तर वीज भरवशाची नाही, १९ किलोचं धूड स्टेप-डाउनसकट टेम्पोत चढवायचं, आणि ऑर्केस्ट्रात तो बाहेरही निघणार नाही कारण तिथला साऊंडवाला तुझ्याकडून लाईनच मागणार. सगळी सेव्हिंग त्यात घालून हाताशी काहीच न ठेवणं हेही मला बरं वाटत नाही.

त्याऐवजी १२ इंची स्पीकरचा, ४०-५० वॉटचा सॉलिड-स्टेट किंवा मॉडेलिंग (वेगवेगळ्या ॲम्पची डिजिटल नक्कल करणारा) ॲम्प बघ. बॉसचा कटाना ५० तुझ्या बजेटच्या निम्म्यात आरामात बसतो, त्याला अर्ध्या वॉटवर आणायची सोय आहे म्हणजे फ्लॅटमध्येही चालतो, हेडफोन आणि रेकॉर्डिंगचं आउटपुट आहे. तुझी गाणी क्लीन आणि पेडलवर जास्त असतील तर रोलँडचा जेसी-४० ऐक. आणि विकत घ्यायच्या आधी मुंबई-पुण्याला तासावर भाड्याने मिळणाऱ्या एखाद्या जॅमपॅडमध्ये जा, बुकिंग करतानाच विचार कुठले ॲम्प आहेत, एक ट्यूब आणि एक सॉलिड-स्टेट असलेला पॅड शोध, बासिस्टला घेऊन जा, गिटार स्वतःची ने. दोन्हीचा आवाज कानाने सारखा लाव, हे फार महत्त्वाचं, जो जरा मोठा असतो तो नेहमीच चांगला वाटतो. मग एकच तुकडा दोन्हीवर, हळू पिक करून आणि जोरात. गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ४ वर आण, टोन स्वच्छ होतो की नुसता बारीक होतो ते ऐक. पाच-सहा स्वरांचा मोठा कॉर्ड फाटलेल्या टोनवर वाजव, त्यातले सूर वेगळे ऐकू येतात का बघ. बासिस्टला पाठ करून बसव आणि कुठला कुठला ते ओळखायला सांग. तुझ्या बोटांना ट्यूबवरच वेगळं काही जाणवलं तर ते खरं आहे, लक्षात ठेव, आणि पुढे कायमची जागा मिळाली की इथेच २३० व्होल्टचा घे.

बाकी वाचकांपैकी कोणाची स्वतःची बंद खोली आहे, स्टुडिओ आहे, गावात मिस्त्री आहे आणि तुम्ही मुख्यतः एकाच ॲम्पवर एकाच प्रकारचं वाजवता, तर माझं उत्तर उलटं असेल, तुम्ही ट्यूबच घ्या. "मग ५ वॉटचा छोटा ट्यूब घेऊ का" असंही विचारतात. रेकॉर्डिंगला छान, पण वर १ वॉटचं गणित सांगितलंय, फ्लॅटसाठी तोही मोठाच पडतो, आणि जोरदार ड्रमरपुढे क्लीन राहत नाही. ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये ॲटेन्युएटर लावून आवाज कमी करता येतो, उपयोगी वस्तू आहे, पण स्पीकर जोरात हलण्याची जी मजा असते ती त्यात जाते आणि ट्यूबा मात्र पूर्ण झिजत राहतात. ज्यांच्याकडे ट्यूब ॲम्प आधीच आहे त्यांनी प्रवासानंतर चालू करायच्या आधी मागे वाकून स्पीकरची वायर जागेवर आहे ना बघावं, स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. शो झाल्या झाल्या गरम ट्यूबांसकट टेम्पोत टाकू नये, दहा मिनिटं गार होऊ द्यावं.

मामेभावाला नाही म्हणताना अवघडू नकोस, त्याला १२० व्होल्टचं कारण सांग, त्याला लगेच समजेल. आणि बॅगेत जागा असेल तर त्याला ट्यूब स्क्रीमर किंवा तसला एखादा पेडल आणायला सांग. ९ व्होल्टवर चालतो, कुठल्याही देशात चालतो. त्याचा तिकडचा अडॅप्टर मात्र आणू नको म्हणावं, तो इथे घे.